वालाच्या मुळावर

बोरिवलीच्या सुप्रभात सोसायटीमागे जो मोकळा तुकडा होता, त्याचं काय करावं याबद्दल सोसायटीत दोन पक्ष होते. नंदकिशोर धुरंधरचं म्हणणं, तिथे बॅडमिंटनचं कोर्ट करावं. मार्तंड दिघ्यांचं म्हणणं, तिथे वाल लावावेत. बाकीच्या बिऱ्हाडांना दोन्हींत रस नव्हता. पण सभेला चहा असे, म्हणून सगळे येत आणि मत देऊन जात.

दिघे मूळचे पेणचे, नोकरीने ऑडिट ऑफिसातले सिनियर क्लार्क. मुंबईच्या बाजारात मिळतात ते वाल नव्हेत, ती वालाच्या आकाराची खडी आहे, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला ऐकवलेलं होतं. त्यातून पोपटीचा विषय निघाला तर समोरच्याची सुटका नसे. पौषातली थंडी, मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या भरलेल्या शेंगा, मीठ, ओवा, वरून पुन्हा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ. दिघे हे इतक्या तपशिलाने सांगत की सोसायटीत अर्ध्या लोकांना पोपटी न खाताच तिचा कंटाळा आला होता.

त्या वर्षीच्या सभेत अध्यक्ष जयवंतराव कोठारे यांनी निवाडा दिला. दिघ्यांना एक हंगाम. पौष संपायच्या आत त्याच जमिनीतल्या शेंगांची पोपटी त्यांनी सगळ्या सोसायटीला खाऊ घालावी. घातली, तर जमीन कायमची बागेला. नाही घातली, तर कोर्ट, आणि दिघ्यांनी वालाचं नाव पुन्हा काढायचं नाही. या शेवटच्या अटीला सर्वांत जोरात पाठिंबा मिळाला.

"मी जाळीची चौकशी करून ठेवतो," नंदकिशोर म्हणाला.

"ठेव. वेल चढवायला होईल," दिघे म्हणाले.

जमीन मात्र दिघ्यांच्या बाजूची नव्हती. कंत्राटदाराने इमारत बांधून उरलेलं सगळं तिथेच पसरलं होतं: विटांचे तुकडे, चुन्याचे गोळे, मुरूम. दिघ्यांचा मावसभाऊ बाळ पुण्याला शेतकीच्या प्रयोगशाळेत होता. तो एका मुंजीच्या निमित्ताने मुंबईला आला असताना दिघ्यांनी त्याला जमीन दाखवली. बाळने माती चिमटीत घेतली आणि लगेच टाकून दिली.

"मार्तंडा, इथे कधी वाल झालेत का?"

"इथे कधी काहीच झालं नाही. मागे एकदा सिमेंटचं पोतं फुटलं, तेवढंच."

"मग या मातीत वालाचे जिवाणू नसणार. मी पाठवतो."

जिवाणूंचं काम बाळने समजावून सांगितलं. ते वालाच्या मुळात शिरतात, तिथे बारीक गाठी करून राहतात, हवेतलं नत्र ओढून झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं. दिघ्यांनी ते आपल्या पद्धतीने समजून घेतलं: जिवाणू म्हणजे पोटभाडेकरू. फरक एवढाच की हे भाडं वेळेवर देतात.

बाटली आली ती पुण्याहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाच्या पिशवीतून. चपटी बाटली, आत खरवसासारखा थर आणि त्यावर बुळबुळीत चमक.

"हे काय?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"जिवाणू."

"म्हणजे जंतूच ना?"

"जंतू वाईट असतात. हे चांगले आहेत."

"चांगले म्हणजे काय, हातपाय धुऊन बसतात?"

बाटली थंड जागी ठेवायची होती. घरात थंड जागा एकच, माठाशेजारी, आणि तिथे ती ठेवायला सुनंदाबाईंनी साफ नकार दिला. शेवटी मोरीतल्या फळीवर, दंतमंजनाच्या डब्यापलीकडे, कोट्यवधी जिवाणूंची सोय झाली. त्या दिवसापासून दिघ्यांच्या घरात दात घासताना कोणी डोळे मिटेनासं झालं.

बातमी जयवंतरावांपर्यंत पोहोचायला अर्थातच वेळ लागला नाही. जयवंतराव निवृत्त सॅनिटरी इन्स्पेक्टर. सगळी नोकरी गटारं, डास आणि जंतू यांच्याशी वैर करण्यात गेलेली. आजही ते पाहुण्याचा हात हातात घेत ते नखं तपासायला. ते दारातच उभे राहिले, कारण आत जंतू होते.

"दिघे, मी जन्मभर फिनेल ओतत आलो. आणि तुम्ही माझ्याच सोसायटीत जंतू पाळता?"

"जयवंतराव, हे पिकाला मदत करतात."

"आज पिकाला करतील, उद्या कोणाला करतील सांगता येत नाही. आरोग्य खात्याचं पत्र आणा. त्याशिवाय बाटलीचं बूच निघता कामा नये."

बोरिवली तेव्हा नुकतीच मुंबईत सामील झाली होती. त्यामुळे कोणतं काम कोणत्या कचेरीत, हे ज्याला त्याला विचारत फिरावं लागे. दिघे अर्धी रजा टाकून निघाले. बऱ्याच खिडक्यांनंतर एका टेबलापाशी त्यांना बसायला खुर्ची मिळाली.

"जंतू मारायचे आहेत?" टेबलामागच्या गृहस्थाने विचारलं.

"नाही. पाळायचे आहेत."

"कुत्र्याचा बिल्ला पलीकडच्या टेबलावर."

"कुत्रा नाही हो, जंतू. वालासाठी."

गृहस्थाने लेखणी खाली ठेवली. "हे बघा, जंतू मारायचा फॉर्म आमच्याकडे आहे. तीन भाषांत आहे. पाळायचा अजून कोणी मागितलेला नाही. तुमचे मरायला आले की या."

सरकारी माणसाला सरकारी माणसाने असं परत पाठवावं हे दिघ्यांना लागलं. आपण स्वतः रोज लोकांना असंच परत पाठवतो हे त्या वेळी त्यांच्या लक्षात आलं नाही. ते तिथेच ठाण मांडून बसले. अखेर त्यांना घालवण्यासाठी आतल्या साहेबांनी एका कागदावर लिहून दिलं, की सदर वस्तूशी या खात्याचा संबंध येत नाही. खाली शिक्का होता. जयवंतरावांनी मजकूर वाचला नाही. शिक्का मात्र उजेडात धरून पाहिला आणि परवानगी दिली.

पेरणीच्या रविवारी दिघ्यांनी गॅलरीत संसार मांडला. गुळाचं पाणी उकळून निववलेलं, त्यात बाटलीतला थर धुऊन घेतलेला, आणि ते पाणी वालाच्या बियांना हलक्या हाताने चोळायचं. बी सावलीत सुकवून लगेच पेरायचं. काम सोपं होतं. ते पाहायला जमलेल्या लोकांनी अवघड केलं.

शेजारच्या वसुधाबाई म्हणाल्या, "भाऊजी, हे कशाला? वालाला ताक घाला. माझ्या माहेरी ताकावर वाल माडाएवढे होतात."

गोराईहून पाटी घेऊन येणारी सगुणा कोळीण पाटी उतरवून जिन्यातच टेकली. "दादा, यो गुलाचा पाक कोनाला?"

"जंतूंना."

"जंतूना गूल? आनी मना कोन चाय पन नाय इचारत." तिने परातीत डोकावून नाक मुरडलं. "त्यापरीस सुकटीचा कुटा टाक मुलाशी. मंग बग वाल."

"सगुणाबाई, वासाने आम्हाला घर सोडावं लागेल."

"मंग सोड. वाल तरी र्‍हातील."

ते दारूबंदीचे दिवस होते. गुळाच्या वासावरून एक हवालदार वर आला. त्याने बाटली हुंगली, परात हुंगली, जरा आशेने दिघ्यांचं तोंडही हुंगलं. यात काहीच नाही हे कळल्यावर त्याचा चेहरा इतका उतरला की सुनंदाबाईंनी त्याला चहा दिला. ते पाहून सगुणाने जे काही म्हटलं ते तिच्या बोलीत होतं, म्हणून बरं.

वाल पेरले गेले, उगवले, आणि काही दिवसांतच पिवळटलेले कोंभ हिरवेगार होऊन भराभर पसरले. ज्या जमिनीत कुत्रंसुद्धा बसत नव्हतं तिथे पाय ठेवायला जागा उरली नाही. पोस्टमन वाकडी वाट करून वेल पाहून जाऊ लागला. दिघे सकाळी ऑफिसला जाण्याआधी बागेला एक चक्कर मारत आणि संध्याकाळी आल्यावर दुसरी. सुनंदाबाईंनी कुंभाराला मडकं सांगून ठेवलं.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पीक बुडालं असतं तर सगळा दोष एकट्या दिघ्यांचा झाला असता. पीक आलं, आणि श्रेयाला वारस उभे राहिले.

वसुधाबाईंनी हळदीकुंकवाला जाहीर केलं की दिघे ऑफिसात गेले की त्या रोज भिंतीकडच्या ओळींना ताक घालत होत्या. सगुणाने सांगितलं, "म्यां रोज येताना मूठभर कुटा फेकला. दादाला नाकच नाय, त्याला काय कलनार." जयवंतराव म्हणाले, त्यांनी गटार मोकळं करून घेतलं म्हणून जमिनीत हवा खेळली. जिवाणूंच्या बाजूने कोणीच बोलेना. दिघे जिवाणूंचं नाव काढत तेव्हा लोक, घरातल्या वेडसर माणसाकडे पाहावं तसं, मायेने हसत.

नंदकिशोर तर एका संध्याकाळी बागेच्या कडेला उभा राहून म्हणाला, "दिघेसाहेब, वाल झकास आलेत, यार. पण तुमच्या बाटलीने काय केलं ते सांगा. ताक ओतताना लोकांनी पाहिलं. कुटा तर अजून नाकात आहे. जंतू कोणी पाहिले? व्हाउचर कुठाय?"

हा घाव वर्मी बसला. गणपतीच्या मंडपाच्या खिळ्यांचं व्हाउचर नाही म्हणून दिघ्यांनी याच नंदकिशोरला भर सभेत तासभर उभं केलं होतं. पुराव्याशिवाय सही नाही, हे वाक्य दिघे घरीही वापरत. सुनंदाबाईंनी दूध नासलं म्हटलं तरी पातेलं बघत. अशा माणसाकडे कोणी व्हाउचर मागावं आणि ते त्याच्याजवळ नसावं, ही गोष्ट त्यांना अन्न गोड लागू देईना. त्यांनी बाळला पत्र टाकलं. बाळचं उत्तर आलं: एक झाड उपट, मुळं धू, गाठी दिसतील. गाठ कापली आणि आत गुलाबी निघाली की समजावं, जिवाणू काम करताहेत.

रविवारी दिघ्यांनी सोसायटीला बागेत बोलावलं. एक वेल मुळासकट काढला, बादलीत धुतला, वर धरला. मुळांना मोहरीएवढ्या, ज्वारीएवढ्या गाठी लगडलेल्या. दिघ्यांनी दाढीच्या ब्लेडने एक गाठ चिरली. आत गुलाबी.

"हे घ्या व्हाउचर," दिघे म्हणाले.

जयवंतरावांनी चष्मा वर केला, खाली केला आणि दोन पावलं मागे सरकले. "दिघे, ही गाठ आहे."

"तेच तर म्हणतोय."

"गाठ म्हणजे काय हे मला शिकवू नका. माझ्या वडिलांनी प्लेगात अख्खी गल्ली रिकामी होताना पाहिली. हा रोग आहे. कितपत पसरलाय ते पाहायला हवं. प्रत्येक ओळीतलं झाड काढा."

"काढतो ना. प्रत्येक ओळीत गाठ आहे, दाखवतोच."

जयवंतरावांना साथ शोधायची होती आणि दिघ्यांना पुरावा वाढवायचा होता. दोघांचं इतकं एकमत आजवर झालं नव्हतं. दोघांनी मिळून प्रत्येक ओळीतले वेल काढले, आणि प्रत्येक वेळी दोघांनाही हवं ते सापडलं.

वसुधाबाई म्हणाल्या, "माझ्या ताकाच्या कोपऱ्यातलं उपटा. तिथे नसणार गाठी." तिथलं उपटलं. गाठी होत्या. "बघा," वसुधाबाई म्हणाल्या, "ताकाने धरल्या."

यावर दिघ्यांना तुलनेसाठी गाठ नसलेलं एक तरी झाड हवं झालं. ते मिळेना, कारण बाटलीचं पाणी त्यांनी एकूण एक बियाला चोळलं होतं. गाठ नसलेलं झाड शोधता शोधता एक अख्खी ओळ संपली. शेवटी सापडलं नाहीच, आणि हाच मोठा पुरावा असं दिघे म्हणाले.

पलीकडच्या चाळीतले लोक आले. त्यांना काल उपटलेलं सुकलेलं झाड दाखवलं तर ते म्हणाले, ताजं दाखवा. शाळेतल्या क्षमाबाई विज्ञानाचा वर्ग घेऊन आल्या आणि बाकागणिक एक वेल मागितला. दिघ्यांनी तो अभिमानाने दिला. उपटलेले वेल गवळ्याच्या म्हशींना गेले. त्या आठवड्यात सोसायटीत दुधाची तक्रार आली नाही, एवढा या संशोधनाचा सार्वजनिक फायदा नोंदवला पाहिजे.

"अहो, कडेने माती उकरून दाखवा ना गाठ," सुनंदाबाई म्हणाल्या. "मुळासकट कशाला?"

"अर्धा पुरावा हा पुरावा नव्हे."

"आणि पोपटीत काय घालायचं? पुरावा?"

दिघे बागेत गेले आणि पहिल्यांदाच वर न पाहता खाली पाहिलं. हिरव्या रानाच्या जागी छान खणलेली तपकिरी जमीन होती. कुंपणाच्या कोपऱ्यात तेवढे थोडे वेल उरले होते. सुनंदाबाईंनी त्यांच्याभोवती आपलं जुनं लुगडं आडवं बांधलं आणि जाहीर केलं की यापुढे जो या वेलांना हात लावील त्याला आपल्या हातचा चहा बंद. मग त्यांनी नवऱ्याला धीर दिला.

"एवढ्या वेलांच्या शेंगा एका मडक्याला पुरतील. बिऱ्हाडागणिक मूठभर. सभेने पोपटी म्हटलंय, पोटभर कुठे म्हटलंय?"

हा मुद्दा ऑडिटच्या दृष्टीने बिनतोड होता. दिघ्यांची बायकोविषयीची आदरबुद्धी एकदम वाढली. वेलांवर फुलं आली, फुलांच्या शेंगा झाल्या, नखाएवढ्या, चपट्या, आत अजून दाणा नसलेल्या. दिघे लांबून पाहत आणि हात मागे बांधून परत येत. आता फक्त शेंगा भरायची वाट पाहायची होती.

पोपटीचा दिवस ठरवायला सगळे बागेतच जमले. भांबुर्डीचा पाला गोराईहून आणायचं सगुणाने कबूल केलं. जयवंतरावांनीही पोपटी खायचं मान्य केलं, जाळ चांगला मोठा करावा एवढ्याच अटीवर. नंदकिशोर गाठी दाखवल्या त्या रविवारच्या आधीपासून बँकेच्या कामाने नागपूरला होता, तो आदल्या दिवशीच परतला होता. तो कुंपणाला टेकून उभा होता.

"माझी हरकत नाही," तो म्हणाला. "पोपटी होणार, जमीन तुमची. मी हरलो. फक्त ते जिवाणू वगैरे म्हणू नका. ताकाने वाल आले म्हणा, मी टाळ्या वाजवतो."

"अरे, सगळ्यांनी गाठी पाहिल्यात," दिघे म्हणाले.

"मी नाही पाहिल्या."

"म्यां पायल्या ना," सगुणा म्हणाली. "तू काय लाटसायब लागून गेला रं?"

"तू पाहिल्यास, मी नाही. दुसऱ्याच्या पाहण्यावर सही करायची नाही हे मला दिघेसाहेबांनीच शिकवलंय. काय, दिघेसाहेब?"

दिघ्यांचे कान लाल झाले. "ये इकडे," ते म्हणाले आणि त्यांनी लुगडं सोडलं.

"अहो," सुनंदाबाई म्हणाल्या.

"एकच, गं."

एक वेल निघाला. गाठी होत्या. नंदकिशोर वाकला. "हा कुंपणाकडचा. इथे कुटा पडला असणार."

दुसरा निघाला. "हा ताकाचा."

तिसऱ्याला त्याने फक्त ओठ मुडपले, आणि ते जास्त झोंबलं. दिघे उपटत गेले, धूत गेले, चिरत गेले. लोक आधी हसत होते. मग हसणं थांबलं. जयवंतरावसुद्धा म्हणाले, "दिघे, आता पुरे." शेवटी एकच वेल राहिला. त्याच्यावर शेंगा इतरांहून जास्त होत्या, आणि मन मोठं केलं तर लहान मडकं त्याच्यावर निभलं असतं.

सुनंदाबाई पुढे आल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, आणि म्हणून दिघे थबकले. "राहू दे," त्या हळू म्हणाल्या. "नाही पटत त्याला, तर नाही पटत. आपल्याला ठाऊक आहे ना? मला पटलंय. माझ्यापुरतं पुरे नाही का?"

दिघ्यांनी बायकोकडे पाहिलं, वेलाकडे पाहिलं. काय चाललंय हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. मग त्यांची नजर नंदकिशोरकडे गेली. नंदकिशोरने एक भुवई उचलली होती. किंचितच. बिनव्हाउचरचं बिल समोर आल्यावर दिघे आपली भुवई नेमकी तेवढीच उचलत.

त्यांनी शेवटचा वेल उपटला.

एवढ्या गाठी आजवर कोणत्याच मुळाला नव्हत्या. दिघ्यांनी सर्वांत मोठी गाठ चिरून नंदकिशोरच्या तळहातावर ठेवली. नंदकिशोरने ती उन्हात धरली, बोटाने दाबली. बोट गुलाबी झालं. त्याच्या तोंडावरची थट्टा खरोखरच उतरली.

"पटलं," तो म्हणाला. "दिघेसाहेब, मानलं तुम्हाला. ताक नाही, कुटा नाही. जिवाणूच. सभेत सांगतो, कुठेही सांगतो."

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. वसुधाबाईंनीसुद्धा वाजवल्या, जरा उशिरा. दिघ्यांची छाती फुगली. उभ्या नोकरीत कोणाचा आक्षेप इतका पूर्णपणे, इतक्या लोकांसमोर मागे घेतला गेला नव्हता. त्यांनी विजयाने सुनंदाबाईंकडे पाहिलं. त्या लुगड्याची घडी घालत होत्या.

नंदकिशोरने हात पुसून खिशातून मोजमापाची टेप काढली. त्याने चारी बाजूंना नजर फिरवली. सगळी जमीन खणलेली, खडे वेचलेले, तणाची काडी नाही.

"दिघेसाहेब," तो अगदी अदबीने म्हणाला, "हे टोक जरा त्या भिंतीपाशी धरता?"

दिघ्यांनी वेल डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने टोक धरलं. नंदकिशोरने आकडा सांगताच त्यांनी टेप नीट ताणली, टोक भिंतीच्या फटीत खोचलं आणि पलीकडे जाऊन तो आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घेतला.